न दिसणारें उष्णतामान

खानदेशांतील वैशाख ज्यानें एकदां काढला आहे त्यास उष्णता म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. जळगांव, भुसावळ, धुळें या गांवीं मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारीं बाजार ओस पडतो आणि घरोघरीं कूलरच्या टाकींत पाणी घालण्याच्या पाळ्या लागतात. अशा दिवसांत मनुष्य सावली शोधून स्वस्थ बसूं शकतो. टेबलावरील लॅपटॉपाची मात्र सावलींत ठेवूनही सुटका होत नाहीं. बाहेरचा दाह त्यास पोंचतोच, शिवाय काम करूं लागतांच तो स्वतःच्या पोटांतही उष्णता उत्पन्न करीत असतो. म्हणून अलीकडे ज्या घरांतील मुलें अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र शिकत आहेत तेथें पडद्याच्या एका कोपऱ्यांत यंत्राचें उष्णतामान दाखविणारे आंकडे ठेवण्याची चाल पडली आहे. चाल चांगली आहे. अडचण उद्भवते ती ते आंकडे एकाएकीं नाहींसे झाले म्हणजे.

अशी कल्पना करावी कीं, धुळ्याची एक विद्यार्थिनी पुण्यास नोकरी करणाऱ्या आपल्या वडील भावास फोन करून म्हणते, “दादा, प्रोसेसरचे आंकडे येताहेत, पण ग्राफिक्स कार्डाच्या जागीं नुसती रेघ आहे. कार्ड जळालें तर नसेल ना?” भाऊ विचारतो, “अग, पण तें दिसेनासें होण्यापूर्वीं तूं काय काय बदललेंस?” ती सांगते कीं, प्रकल्पाच्या गणनेसाठीं परवां कंपनीचा ड्रायव्हर घातला, बाकी कांहीं नाहीं. भावाचा हा एक प्रश्न पुढील सर्व शोधाचें मूळ आहे. परंतु बहुतेक घरांत तो विचारला जात नाहीं. त्याऐवजीं यंत्र पिशवींत घालून दुकानीं नेलें जातें.

तेथें काय घडूं शकतें हें समजण्यासाठीं एक गोष्ट माहीत असावी. लॅपटॉपांतील ग्राफिक्स कार्ड हें नांवाचेंच कार्ड होय. मेजावरच्या मोठ्या संगणकांत तें खरोखरच खांचेंत बसविलेलें वेगळें पत्र असतें व काढतां घालतां येतें. लॅपटॉपांत तें बहुधा मुख्य फळीवर, म्हणजे मदरबोर्डावर, डाख देऊन कायमचें बसविलेलें असतें. तेव्हां “कार्ड गेलें” या निदानाचा अर्थ सबंध मदरबोर्ड बदलणें असा होतो, आणि त्याचा खर्च कांहीं वेळां जुन्या यंत्राच्या किंमतीजवळ जातो. दुसरा एक सल्ला असतो तो सगळें पुसून लिनक्स नव्यानें घालण्याचा. त्यांत पैसे जात नाहींत, पण वर्षभराचें काम नकलेवांचून असेल तर तें जातें. तिसरा मार्ग म्हणजे रेघेकडे दुर्लक्ष करणें. तो सर्वांत सोपा, आणि खानदेशच्या उन्हाळ्यांत सर्वांत धोक्याचा.

वस्तुतः रेघ दिसणें व यंत्र बिघडणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत. हवामानखात्याच्या केंद्रांवर पांढऱ्या झडपांच्या लांकडी पेटींत उष्णतामापक टांगलेला असतो. निरीक्षक नेमलेल्या वेळीं तो वाचतो, आंकडा वरच्या कचेरीकडे धाडतो, आणि तेथून तो वृत्तपत्रांत छापून येतो. एखाद्या दिवशीं जळगांवापुढें आंकड्याऐवजीं रेघ छापली गेली, तर त्या दिवशीं जळगांवांत ऊन पडलें नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं, किंवा जळगांव जळून गेलें असेंही म्हणणार नाहीं. काचेची नळी फुटली, निरीक्षक रजेवर होता, निरोप पोंचला नाहीं, कीं छापणारानें ओळ गाळली, असे प्रश्न शहाणा वाचक विचारील. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतींत हेच चार प्रश्न याच क्रमानें लागू पडतात. फक्त उलट बाजूनें, म्हणजे छापणाराकडून आरंभ केल्यास श्रम वांचतात.

ही परंपरा यंत्रांत कशी असते तें पाहूं जातां प्रथम चिपेच्या अंगांतच बसविलेला एक सूक्ष्म संवेदक आढळतो. तो उष्णतामापकाच्या जागीं. त्याचें वाचन करणारा निरीक्षक म्हणजे ड्रायव्हर, अर्थात् त्या विशिष्ट कार्डाशीं बोलण्यासाठीं लिहिलेला कार्यक्रम. ड्रायव्हर जो आंकडा वाचतो तो लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, स्वाधीन करतो. हा गाभा लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला व आज तो जगभरचे लोक मिळून लिहितात. गाभ्यानें अशा आंकड्यांसाठीं एक कपाट केलें आहे. त्याचें नांव एचडब्ल्यूमॉन. ‘हार्डवेअर मॉनिटर’ या शब्दांचा तो संक्षेप. कपाटांतील प्रत्येक खणांत ‘नेम’ नांवाची एक फाइल असते, तींत खण कोणाचा हें लिहिलेलें असतें. आणि ‘टेंप-वन-इनपुट’ नांवाच्या फाइलींत उष्णतामान असतें. तें अंशाच्या सहस्रांशांत लिहिण्याचा संकेत आहे. म्हणून तेथें ४७००० असा आंकडा पाहून कोणी दचकूं नये. त्याचा अर्थ ४७ अंश सेल्सिअस एवढाच. ‘सेन्सर्स’ ही सुप्रसिद्ध आज्ञा सर्व खण उघडून आंतील आंकडे एका यादींत मांडून दाखविते, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत आंकडे दाखविणारे पुष्कळसे लहान कार्यक्रमही याच कपाटांत डोकावतात.

आतां पहिला प्रश्न. कोणत्या कार्डाचें उष्णतामान हवें आहे? आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत चित्रें काढणारीं यंत्रें दोन असतात. एक प्रोसेसरच्याच अंगांत असतें, तें नित्याच्या कामासाठीं. दुसरें स्वतंत्र व बलवान्, तें खेळ, चलच्चित्रांची जुळणी किंवा मोठी गणितें यांसाठीं. कोणतें कोणाच्या ताब्यांत आहे हें कळण्यासाठीं ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा पुढें एक जागा सोडून, आडवी रेघ व ‘के’ अक्षर जोडून द्यावी. सर्व अक्षरें इंग्रजी लहान लिपींतील. उत्तरांत प्रत्येक ग्राफिक्स यंत्राखालीं सध्यां वापरांत असलेल्या ड्रायव्हरचें नांव येतें. तें नांव कागदावर टिपून घ्यावें, कारण येथून पुढें वाटा फुटतात.

प्रोसेसरच्या पोटांतील इंटेलचें यंत्र असेल तर त्याचा वेगळा आंकडा सहसा मिळत नाहीं, आणि मिळाला नाहीं म्हणून बिघडतही नाहीं. दोघे एकाच तुकड्यावर नांदत असल्यामुळें प्रोसेसरच्या यादींत ‘पॅकेज’ या नांवानें जो आंकडा येतो तोच दोघांचा समजावा. एएमडीचें यंत्र असेल तर काम याहूनही सोपें. त्याचा ‘एएमडीजीपीयू’ हा ड्रायव्हर गाभ्यांतच असतो व आपलें वाचन निमूटपणें कपाटांत ठेवतो. ‘सेन्सर्स’च्या यादींत ‘एज’ म्हणून दिसतें तें चिपेच्या कडेचें उष्णतामान; कांहीं मोठ्या कार्डांवर ‘जंक्शन’ म्हणून आणखी एक आंकडा येतो, तो चिपेवरील सर्वांत तप्त जागेचा.

खरा घोळ होतो एन्व्हिडियाच्या कार्डांविषयीं. त्यांच्यासाठीं दोन निराळे ड्रायव्हर आहेत. ‘नूव्हो’ हा स्वयंसेवकांच्या खटपटींतून निर्माण झालेला व गाभ्याबरोबर येणारा. दुसरा कंपनीचा स्वतःचा. नूव्हो हा जुन्या कार्डांचें उष्णतामान रीतीप्रमाणें कपाटांत ठेवतो. नव्या कार्डांवर तें सर्वत्र मिळेलच असें नाहीं. कंपनीचा ड्रायव्हर मात्र या सामायिक कपाटाचा उपयोगच करीत नाहीं. त्याची वही वेगळी, व ती वाचण्याची आज्ञाही वेगळी. धुळ्याच्या त्या मुलीच्या यंत्रांत हेंच घडलें. परवांपर्यंत नूव्हो आंकडा ठेवीत होता आणि कोपऱ्यांतील कार्यक्रम तो उचलीत होता. गणनेसाठीं कंपनीचा ड्रायव्हर येतांच नूव्हो बाजूस झाला, खण रिकामा पडला व रेघ आली. कार्ड धडधाकट, इतकेंच नव्हे, तर पूर्वींपेक्षां अधिक काम करूं लागलेलें!

या वहीची आज्ञा ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ अशी आहे. ती नुसती दिली असतां एक तक्ता येतो, व त्यांत कार्डाचें नांव, उष्णतामान, खर्च होणारी वीज आणि चालूं कामें दिसतात. तिच्यापुढें ‘क्यू’, नंतर ‘डी’ व ‘टेंपरेचर’ हे शब्द योग्य त्या आडव्या रेघांसह जोडल्यास उष्णतामानाचा तपशील मिळतो, आणि बहुतेक कार्डांच्या बाबतींत कोणत्या अंशावर कार्ड आपला वेग कमी करील व कोणत्या अंशावर बंद पडेल हेंही त्यांत लिहिलेलें असतें. ऐकीव मर्यादा पाठ करण्यापेक्षां आपल्याच यंत्राच्या या दोन ओळी वाचून ठेवणें श्रेयस्कर. कोपऱ्यांतील कार्यक्रम बदलून एन्व्हिडियाची वही वाचणारा घेतला कीं रेघ जाते.

एका कंपनीनें सर्वांपासून वेगळें कपाट कां ठेवावें, हा प्रश्न लिनक्सच्या जगांत जुना आहे. २०१२ सालीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांतील सभेंत खुद्द टोर्वाल्ड्स यांनीं या कंपनीविषयींचा आपला संताप अशा शब्दांत व्यक्त केला कीं, ते येथें उच्चारणें प्रशस्त होणार नाहीं. पुढें मे २०२२ मध्यें कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यांत बसणारा भाग सर्वांस पाहतां येईल असा खुला केला. हा बदल लहान नव्हे. तथापि घरच्या वापरणारास अजूनही उष्णतामानासाठीं वेगळीच आज्ञा द्यावी लागते.

कधीं कधीं ही आज्ञाही आंकडा न देतां, ड्रायव्हरशीं बोलणें होत नाहीं अशा अर्थाचें वाक्य छापते. येथें घाबरण्याची प्रथा आहे. कारण बहुधा क्षुल्लक असतें. लिनक्सचा गाभा वारंवार सुधारला जातो, व कंपनीचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या गाभ्यासाठीं पुन्हां जुळवून घ्यावा लागतो. हें काम ‘डीकेएमएस’ नांवाची व्यवस्था पुष्कळदां आपोआप करते. पण एखादें आवश्यक पॅकेज घातलेलें नसेल किंवा मध्येंच वीज गेली तर जुळणी अर्धवट राहते, आणि नवा गाभा ड्रायव्हरवांचून उठतो. यंत्र सुरूं होतांना जुना गाभा निवडून पाहावा. आंकडा परत आला तर दोष कोठें आहे हें ठरलेंच. दुसरें कारण ‘सिक्युअर बूट’ हें होय. ही व्यवस्था चालूं असतां ज्याच्यावर मान्य सही नाहीं असा ड्रायव्हर गाभा आंत घेत नाहीं. तो घालतांना एक परवलीचा शब्द मागितला जातो व पुढल्या खेपेस यंत्र सुरूं होतांना निळ्या पडद्यावर तोच पुन्हां विचारला जातो. तो निळा पडदा घाईनें टाळणारे लोकच पुढें तक्रार करतात. तिसऱ्या प्रकारांत ‘व्हर्शन मिसमॅच’ असे शब्द येतात. ड्रायव्हरचा एक भाग नवा घातला गेला असून स्मृतींत अद्याप जुनाच चालूं आहे, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र बंद करून पुन्हां सुरूं करावें. यासाठीं कोणी पैसे मागितल्यास देऊं नयेत.

यापुढचें कारण अधिक मनोरंजक आहे, व त्यांत बिघाड मुळींच नसतो. दोन यंत्रांच्या लॅपटॉपांत बलवान् कार्डास काम नसेल तेव्हां गाभा त्याची वीज तोडून त्यास झोपवितो. झोपलेल्या कार्डाचा संवेदकही झोपतो. अशा वेळीं नूव्होच्या किंवा एएमडीच्या जुन्या ‘रेडिऑन’ ड्रायव्हरच्या ओळींत ‘एन-ए’ हीं अक्षरें येतात. तीं शून्यही दर्शवीत नाहींत व दोषही. विचारणा करण्यास योग्य वेळ नाहीं एवढेंच तीं सांगतात. खात्री करावयाची असल्यास कार्डाच्या पीसीआय पत्त्याच्या फोल्डरांत ‘पॉवर’ व त्याच्या आंत ‘रनटाइम-स्टेटस’ ही फाइल असते, ती वाचावी. ‘सस्पेंडेड’ हा शब्द असेल तर कार्ड निद्रिस्त, ‘ॲक्टिव्ह’ असेल तर जागें. ही फाइल वाचल्यानें कार्ड जागें होत नाहीं, हें विशेष.

हें विशेष अशासाठीं कीं, ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ची गोष्ट उलटी आहे. ती झोपलेल्या कार्डास हालवून जागें करते व मग त्याचें उष्णतामान सांगते. एकदां विचारल्यानें कांहीं नुकसान नाहीं. पण कोपऱ्यांतील एखादा कार्यक्रम दर दोन सेकंदांनीं हीच आज्ञा देत राहिला, तर कार्डास झोप लागतच नाहीं. तें निष्कारण वीज खातें, निष्कारण तापतें, आणि पंखा फिरत राहतो. ताप पाहण्यासाठीं रोग्यास रात्रभर उठवीत राहावें आणि सकाळीं त्याचा ताप वाढला म्हणून तक्रार करावी, तसा हा प्रकार. दुपारीं वीज गेली असतां बॅटरी नेहमींपेक्षां फार लौकर कां संपली, याचें उत्तर कित्येकदां त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या कोपऱ्यांत असतें. म्हणून कार्डास काम असेल तेव्हांच मापन चालूं ठेवणें व एरव्हीं तें काढून टाकणें हेंच बरें.

आणखी एक चकवा आहे. एचडब्ल्यूमॉनच्या कपाटांतील खणांस अनुक्रमांक असतात, आणि ते क्रमांक कायमचे नसतात. आज कार्डाचा खण तिसरा असला तर उद्यां यंत्र पुन्हां सुरूं झाल्यावर तो चौथा होऊं शकतो. ज्यानें आपल्या कार्यक्रमांत “तिसरा खण वाचावा” असें लिहून ठेवलें असेल त्यास एके दिवशीं रेघ दिसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच भागाचा आंकडा कार्डाचा म्हणून दिसतो. क्रमांकावर न जातां ‘नेम’ फाइलींतील नांवावर जावें. त्याचप्रमाणें स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंदिस्त पेट्यांतून आलेल्या कार्यक्रमांस बाहेरचें सर्व कांहीं पाहण्याची मोकळीक नसते. ‘सेन्सर्स’ आज्ञेंत आंकडा आहे पण सुंदर खिडकींत नाहीं, असें झाल्यास संशय त्या पेटीवर घ्यावा.

‘सेन्सर्स-डिटेक्ट’ ही आज्ञा चालवून पाहण्याचा सल्ला या बाबतींत सर्रास दिला जातो. ती प्रश्नांमागून प्रश्न विचारते, आणि तिच्याकडून पुष्कळ अपेक्षा बाळगली जाते. परंतु ती मुख्यतः प्रोसेसर व मदरबोर्ड यांवरील संवेदक हुडकण्यासाठीं आहे. कंपनीच्या ड्रायव्हरनें जें वेगळ्या वहींत ठेवलें तें तिलाही सांपडत नाहीं. चालवावयाचीच झाल्यास प्रत्येक प्रश्नास तिनें सुचविलेलेंच उत्तर द्यावें.

इतकें करून आंकडा आला म्हणजे तो वाचावा कसा? येथें खानदेशच्या हवेचा संबंध येतो. लॅपटॉपाचा पंखा चिपेस खोलींतील हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं. तो फक्त चिप व हवा यांतील अंतर आटोक्यांत ठेवतो. तेंच काम, तोच पंखा व तीच धूळ असेल तर हें अंतर जवळजवळ कायम राहतें. खोली २८ अंशांवर असतां चिप ७३ वर राहत असेल, तर अंतर ४५ झालें. तीच खोली दुपारीं पत्र्याखालीं ४३ वर गेली कीं चिप ८८ च्या आसपास जाणार, आणि तेथें पुष्कळ कार्डें आपला वेग आपणच आंखडून घेऊं लागतात. म्हणजे पुण्यामुंबईच्या मित्रानें “माझें कार्ड ७३ च्या वर जात नाहीं” असें सांगितलें, तर धुळेकरानें आपलें यंत्र सदोष समजण्याचें कारण नाहीं. प्रथम दोन खोल्यांतील पाऱ्यांची वजाबाकी करावी. अंतरच वाढत चाललें असेल तर मात्र तो यंत्राचा दोष. पंख्यामागील बारीक पट्ट्यांत धूळ व तंतू साठतात. कापसाच्या मुलुखांत त्याचें नवल नाहीं. त्या साफ करवून घ्याव्या. कूलरचा झोत थेट यंत्रावर मात्र सोडूं नये. त्याबरोबर कधीं कधीं पाण्याचे तुषार येतात.

आणि आंकडा कांहीं केल्या आलाच नाहीं, तर? बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर व कार्ड यांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामायिक असतात. कार्डावर बोजा टाकतांच प्रोसेसरचा आंकडाही चढूं लागतो. तो कागदावर सकाळीं व दुपारीं मांडून ठेवला तरी कार्डाच्या प्रकृतीचा पुष्कळसा अंदाज बांधतां येतो.

त्या विद्यार्थिनीनें भावाच्या सांगण्यावरून ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ दिली तेव्हां दुपारचे तीन वाजले होते, गणना चालूं होती, आणि आंकडा ८८ आला. तिनें गणना थांबविली. दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचला, खिडक्या उघडून, तीच गणना पुन्हां लावली. तासाभरानें आंकडा ७४ होता, आणि काल दुपारीं जें काम रेंगाळत होतें तें आठ वाजण्यापूर्वीं संपलें होतें.